एक्स-रेवर २४ अंश, पाठीच्या स्कॅनवर १७ अंश: स्कोलिओसिसच्या त्रिमितीय तपासण्या कशा वाचाव्यात

कोरेगाव तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी साडेअकरा वर्षांची असून पाळी अजून सुरू झालेली नाही. पाठीवर उजवा खवाटा वर आलेला दिसला म्हणून साताऱ्यात एक्स-रे काढला, तेव्हा छातीच्या भागात कण्याला उजवीकडे २४ अंशांचा बाक, म्हणजे स्कोलिओसिस, निघाला आणि डॉक्टरांनी चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढण्यास सांगितले. मधल्या काळात एका शिबिरात किरणांविना पाठीचा त्रिमितीय स्कॅन झाला. त्याच्या अहवालात बाक १७ अंश आला आणि ‘सुधारणा आहे’ असे सांगण्यात आले. बाक खरोखर कमी झाला का, यापुढे एक्स-रेऐवजी असा स्कॅन चालेल का, आणि पुण्या-मुंबईला जाऊन सीटी स्कॅन किंवा आणखी एखादी थ्री-डी तपासणी करून घ्यावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण या वयात पुढचे काही महिने फार मोलाचे असतात. एक्स-रेवरचे २४ आणि पाठीच्या स्कॅनवरचे १७ हे एकाच मापाचे आकडे नाहीत. पहिला आकडा मणक्यांच्या हाडांवरून काढलेला आहे, तर दुसरा पाठीच्या त्वचेच्या उंचसखलपणावरून गणिताने बसवलेला आहे. त्यांची वजाबाकी करून बाक सात अंशांनी उतरला असे म्हणता येत नाही. बाक होता तेवढाच असेल किंवा थोडा वाढलेलाही असेल, तरीसुद्धा पाठीचा स्कॅन १७ दाखवू शकतो. म्हणून चार महिन्यांनी सांगितलेली तपासणी कृपा करून चुकवू नका. हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण असे की, ‘सुधारणा आहे’ हे शब्द ऐकल्यावर पुढची तारीख टळते आणि वाढीच्या वयातला काळ हातचा जातो. सांगली-मिरजेत मणक्यांचे रुग्ण तपासताना हे वारंवार दिसते. जत-आटपाडीपासून पाटणच्या डोंगरी भागापर्यंत अनेक मुली आमच्याकडे पोहोचतात त्या बाक ५० अंशांच्या पुढे गेल्यावर, म्हणजे पट्ट्याचा (बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायच्या ब्रेसचा) उपयोग संपल्यावर.

तरीही पाठीच्या स्कॅनला माझा विरोध आहे असा याचा अर्थ घेऊ नये. ते तंत्र चांगले आहे आणि योग्य जागी वापरले तर मुलांचे कित्येक एक्स-रे वाचवते. ती योग्य जागा कोणती हे समजण्यासाठी हा आजार मुळात तीन मितींतला कसा आहे ते पाहावे लागेल.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वाकतो असे आपण म्हणतो, पण तो नुसता बाजूला वाकत नाही. ओली चादर पिळताना ती जशी एकाच वेळी पीळ घेते, आखूड होते आणि एका बाजूला सरकते, तसेच काहीसे कण्याचे होते. बाकाच्या मध्यावरचे मणके स्वतःभोवती फिरतात. मणक्याचा पुढचा, जाड भाग बाकाच्या फुगीर बाजूकडे वळतो आणि मागचे टोक, म्हणजे पाठीवरून हात फिरवताना बोटांना लागणारे हाड, आतल्या बाजूकडे वळते. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे मणका फिरला की बरगड्याही फिरतात. फुगीर बाजूच्या बरगड्या मागे येऊन उंचवटा तयार होतो, त्यावर खवाटा वर उचललेला दिसतो, आणि विरुद्ध बाजूला छाती पुढून किंचित भरलेली वाटते. तुमच्या लक्षात आलेला उजवा खवाटा हा या फिरण्याचाच परिणाम आहे.

तिसरा बदल बाहेरून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. निरोगी पाठीला बाजूने पाहिले तर छातीच्या भागात मागच्या बाजूला साधारण २० ते ४० अंशांची गोलाई असते. किशोरवयातील स्कोलिओसिसमध्ये बाकाच्या मध्यावर मणक्यांची पुढची बाजू मागच्या बाजूच्या मानाने उंच वाढलेली असते, त्यामुळे ही गोलाई कमी होते, पाठ सपाट होते आणि कधी उलटी आतही जाते. नेहमीच्या बाजूच्या एक्स-रेमध्ये मात्र गोलाई बरी दिसते, कारण फिरलेल्या मणक्यांचा बाजूचा बाक त्या चित्रात मिसळून येतो. बाकाच्या मध्यावरचा मणका ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेच्या हिशेबाने पाहिले तरच खरा सपाटपणा कळतो. ज्याँ द्युबुसे या फ्रेंच शल्यविशारदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोलिओसिसकडे तीन मितींत पाहण्याचा आग्रह धरला, त्यामागे हेच कारण होते. शस्त्रक्रिया करताना मी याकडे फार लक्ष देतो, कारण बाजूचा बाक सरळ केला आणि पाठ सपाटच ठेवली, तर एक्स-रे छान दिसतो पण मुलीची पाठ छान होत नाही.

आता २४ हा आकडा कुठून येतो ते पाहू. जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. समोरून दिसणाऱ्या एक्स-रेमध्ये बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका निवडायचा, पहिल्याच्या वरच्या आणि दुसऱ्याच्या खालच्या कडेवर रेषा काढायची आणि त्या दोन रेषांमधला कोन मोजायचा. कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. पट्टा केव्हा, शस्त्रक्रिया केव्हा, बाक वाढण्याची शक्यता किती, याविषयीचे आपल्याकडचे जवळजवळ सगळे ज्ञान याच कोनावर उभे आहे. म्हणून त्याला सहज बाजूला सारता येत नाही. पण हा एका सपाट चित्रावरचा कोन आहे. मणके किती फिरले आहेत हे तो सांगत नाही. एकाच एक्स-रेवर दोन अनुभवी डॉक्टरांची मापे पाच अंशांपर्यंत वेगळी येऊ शकतात, आणि सकाळी व संध्याकाळी काढलेल्या एक्स-रेमध्येही काही अंशांचा फरक पडतो. त्यामुळे पाच अंशांहून कमी फरक आम्ही ‘बदल’ मानत नाही, मग तो चांगल्या बाजूचा असो की वाईट.

फिरणे मोजण्याचे प्रयत्न कॉब यांच्याही आधीचे आहेत. विल्यम अ‍ॅडम्स या ब्रिटिश शल्यविशारदांनी १८६५ मध्ये रुग्णाला पुढे वाकवून पाठ पाहण्याची पद्धत सांगितली. गुडघे सरळ, तळहात जोडलेले, मान सैल सोडून मूल पुढे वाकले की बरगड्यांचा उंचवटा डोळ्यांना लगेच दिसतो. विल्यम बनेल यांनी १९८४ मध्ये त्या उंचवट्याचा कल मोजणारे साधे उपकरण, स्कोलिओमीटर, तपासणीसाठी पुढे आणले. पुढे वाकल्यावर हा कल ७ अंश किंवा अधिक असेल तर डॉक्टरांकडे पाठवावे असा संकेत आज बहुतेक ठिकाणी पाळला जातो. ५ अंशांची मर्यादा धरली तर थोडी जास्त मुले सापडतात, पण विनाकारण पाठवली जाणारी मुले त्याहून कितीतरी वाढतात. किरणांविना संपूर्ण पाठीचा नकाशा काढण्याची कल्पना मात्र १९७० च्या सुमारास आली. जपानमध्ये ताकासाकी यांनी जाळीतून प्रकाश टाकून पाठीवर समउंचीच्या रेषा उमटवण्याची मोअरे पद्धत दाखवली आणि तिथल्या शालेय तपासणीत ती वापरली गेली. १९८० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये आणि जर्मनीतील म्युन्स्टरमध्ये संगणकाची जोड मिळालेल्या पद्धती तयार झाल्या. आज शिबिरांत दिसणारी बहुतेक यंत्रे याच घराण्यातली आहेत.

या यंत्राचे काम असे चालते. मूल कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहते. पाठीवर प्रकाशाच्या समांतर पट्ट्या टाकल्या जातात. पाठ सपाट असती तर पट्ट्या सरळ दिसल्या असत्या, पण उंचसखल पाठीवर त्या वळतात, आणि वेगळ्या कोनातून पाहणारा कॅमेरा ते वळण टिपतो. दिवा, कॅमेरा आणि पाठीवरचा बिंदू यांच्या त्रिकोणातून संगणक त्या बिंदूची खोली काढतो आणि अशा हजारो बिंदूंमधून पाठीचा आकार उभा करतो. इथपर्यंतचे माप खरोखर अचूक असते, त्यात शंका घेण्यासारखे काही नाही. काही नव्या मोबाइल फोनमध्ये आणि खेळांसाठी बनवलेल्या खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्यांमध्येही हेच काम थोड्या वेगळ्या रीतीने होते, फक्त अचूकता कमी-जास्त असते.

प्रश्न निर्माण होतो तो पुढच्या पायरीवर. त्वचेच्या आकारावरून आतला कणा कुठे असेल हे संगणक अंदाजाने ठरवतो. मानेच्या मुळाशी हाताला लागणारे सातव्या मणक्याचे टोक आणि कमरेखालच्या दोन खळ्या या खुणा तो ओळखतो. मग वरपासून खालपर्यंत प्रत्येक आडव्या पातळीवर डावी-उजवी बाजू जिथे सर्वांत सारखी आहे तो बिंदू शोधतो. ते बिंदू जोडले की जी रेषा मिळते ती मणक्यांच्या मागच्या टोकांची रेषा मानली जाते. त्या रेषेवर त्वचा कोणत्या बाजूला तोंड करून आहे यावरून मणका किती फिरला असेल याचा हिशेब होतो, आणि सर्वसाधारण शरीराचे प्रमाण गृहीत धरून मणक्याच्या मुख्य भागाची जागा ठरवली जाते. या सगळ्या साखळीच्या शेवटी ‘बाक १७ अंश’ असा आकडा छापून येतो. छापलेला आकडा कॉबच्या कोनासारखा दिसतो, त्यामुळे वाचणाऱ्याची फसगत होते.

मागे सांगितलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. फिरलेल्या मणक्याचे मागचे टोक बाकाच्या आतल्या बाजूकडे वळते. म्हणजे मणक्यांचे मुख्य भाग उजवीकडे जितके सरकलेले असतात तितकी मागची टोके सरकलेली नसतात, आणि टोकांची रेषा मुख्य भागांच्या रेषेपेक्षा सरळ दिसते. म्हणून पाठीवरून काढलेला कोन एक्स-रेवरच्या कोनापेक्षा कमी येणे ही नेहमीची गोष्ट आहे. फिरणे जास्त असेल तर ही तफावत वाढते. संगणकातील गणित ती भरून काढण्याचा प्रयत्न करते, पण प्रत्येक मुलीची बरगड्यांची ठेवण, स्नायू आणि चरबी वेगवेगळी असल्यामुळे ते प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. अंगाने भरलेल्या मुलांमध्ये तर पाठीचा आकार कण्याबद्दल फारच कमी सांगतो. शिवाय श्वास घेतलेला आहे की सोडलेला, हात कसे ठेवले आहेत, एक गुडघा किंचित वाकला आहे का, केस मानेवरून पूर्ण बाजूला घेतले आहेत का, यानेही आकडा हलतो. अनोळखी लोकांसमोर पाठ उघडी करून उभी असलेली बारा वर्षांची मुलगी अंग चोरून उभी राहते, हेही विसरू नये. चांगली यंत्रे काही सेकंदांत अनेक प्रतिमा घेऊन त्यांची सरासरी काढतात, त्यामुळे श्वासाचा आणि डुलण्याचा परिणाम कमी होतो. तुमच्या अहवालावर एकच प्रतिमा आहे की सरासरी, ते पाहून घ्या.

मग या स्कॅनचा उपयोग काय? माझ्या मते तो दोन कामांसाठी आहे आणि दोन्ही कामे मोठी आहेत. पहिले काम पाठपुराव्याचे. एकाच मुलीचा, एकाच यंत्रावर, त्याच पद्धतीने उभे करून दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन घेतला, तर प्रत्यक्ष अंश किती यापेक्षा आधीच्या स्कॅनच्या तुलनेत आकार बदलला का हे चांगले कळते. आकार स्थिर असेल, उंचीची वाढ मंदावली असेल आणि हाताने केलेली तपासणीही तेच सांगत असेल, तर मधला एखादा एक्स-रे पुढे ढकलता येतो. आकार बदललेला दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता एक्स-रे घ्यावा. यासाठी पहिला स्कॅन एक्स-रेच्या दिवशीच झालेला असणे फार उपयोगी ठरते, कारण मग त्या मुलीपुरती दोन आकड्यांची सांगड माहीत होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी एक वेगळी वाट धरली, ती मला अधिक प्रामाणिक वाटते. ते पाठीच्या स्कॅनमधून कॉबसारखा कोन काढण्याऐवजी संपूर्ण धडाची आरशातली प्रतिमा मूळ धडावर बसवतात आणि डाव्या-उजव्या बाजूंत जिथे जितका फरक असेल तिथे तितका गडद रंग दाखवतात. त्वचेचे माप त्वचेच्याच भाषेत मांडले की हाडांविषयी भलता दावा करावा लागत नाही.

दुसरे काम दिसण्याचे आहे, आणि ते दुय्यम नाही. मुलीला तिचा कॉबचा कोन कधीच दिसत नाही. तिला दिसतात ते खांदे, कमरेची एक बाजू खोल आणि एक सपाट, आणि पोलक्यातून वर येणारा खवाटा. सारखाच ३० अंशांचा बाक असलेल्या दोन मुलींत एकीचा उंचवटा जेमतेम जाणवतो आणि दुसरीचा कपड्यांतूनही दिसतो. हा फरक एक्स-रे सांगत नाही, स्कॅन सांगतो. पट्टा बनवतानाही धडाचा त्रिमितीय स्कॅन फार कामाचा आहे. पूर्वी प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यावा लागे. आता स्कॅनवरून संगणकात साचा घडवता येतो, उंचवट्यावर दाब कुठे द्यायचा आणि विरुद्ध बाजूला शरीराला सरकायला जागा कुठे ठेवायची हे आधीच आखता येते.

एक्स-रेच्या किरणांबद्दल पालकांना वाटणारी धास्ती निराधार नाही. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात स्कोलिओसिसचे निदान झालेल्या ५,५७३ स्त्रियांचा पाठपुरावा झाला. त्यांचे सरासरी जवळजवळ २५ वेळा एक्स-रे झाले होते, आणि त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळले. मात्र तो जुन्या फिल्मचा, मोठ्या मात्रेचा आणि समोरून किरण सोडण्याचा काळ होता. आजच्या डिजिटल यंत्रांत मात्रा खूप कमी आहे, आणि किरण पाठीकडून पोटाकडे सोडले तर वाढणाऱ्या स्तनांच्या पेशींवर पडणारी मात्रा आणखी कित्येक पटींनी घटते. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाला ‘पाठीकडून किरण सोडाल ना’ असे विचारणे हा पालकांचा हक्क आहे, त्यात संकोच करण्याचे काही कारण नाही. बाजूचा एक्स-रे प्रत्येक वेळी लागत नाही, तो पहिल्या वेळी आणि उपचार ठरवताना पुरतो. संपूर्ण कणा एकाच चित्रात, उभे राहून, मानेपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत आला पाहिजे. छातीचा वेगळा आणि कमरेचा वेगळा असा तुकड्यांत आडवे झोपवून काढलेला एक्स-रे या कामाला निरुपयोगी असतो, आणि मग किरण घेऊनही तो पुन्हा काढावा लागतो.

किरणांची मात्रा कमी ठेवूनही हाडांचे खरे त्रिमितीय चित्र देणारे एक यंत्र आहे, त्याला ईओएस म्हणतात. त्यामागचा शोध भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाक यांचा. त्यांनी १९६८ मध्ये बनवलेल्या कणशोधक यंत्रासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच तत्त्वावरचा अतिसंवेदनशील शोधक पुढे वैद्यकात आला. ईओएसमध्ये रुग्ण एका कक्षात उभा राहतो, एकमेकांशी काटकोनात असलेले किरणांचे दोन बारीक झोत वरून खाली एकाच वेळी सरकतात आणि काही सेकंदांत समोरचे व बाजूचे चित्र मिळते. दोन्ही चित्रे एकाच क्षणाची असल्यामुळे संगणकाला प्रत्येक मणक्याची जागा आणि फिरणे मांडता येते. जिथे हे यंत्र उपलब्ध आहे आणि सतत पाठपुरावा करायचा आहे तिथे ते नक्की वापरावे. पण २४ अंशांच्या बाकासाठी मुद्दाम त्याच्या शोधात लांबच्या शहरात फेऱ्या मारण्याची गरज मला वाटत नाही. नीट काढलेला डिजिटल एक्स-रे सातारा, कराड किंवा मिरजेत मिळतो, आणि आज घ्यायचा निर्णय त्यावर घेता येतो.

हाँगकाँगमध्ये उभ्या रुग्णाच्या पाठीवरून सोनोग्राफीचा शोधक वरपासून खालपर्यंत फिरवून कण्याचे त्रिमितीय चित्र काढण्याची पद्धत विकसित झाली आहे. किरण अजिबात नाहीत आणि त्वचेऐवजी प्रत्यक्ष हाडांचा मागचा भाग दिसतो, त्यामुळे ती मला पाठीच्या स्कॅनपेक्षा एक पाऊल पुढची वाटते. तिच्यातही मोजले जातात ते मणक्यांचे मागचे भागच, म्हणून कोन एक्स-रेपेक्षा कमी येतो हे लक्षात ठेवावे लागते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी बंधनकारक आहे आणि नोंदणी केलेल्या जागेबाहेर ती नेण्यावर कडक निर्बंध आहेत. तो कायदा आवश्यकच आहे. त्यामुळे असे यंत्र उचलून शाळेत शिबिर भरवण्याचा विचार आपल्या जिल्ह्यांत सहज करता येणार नाही.

सीटी स्कॅनबद्दलचे उत्तर सरळ आहे: तुमच्या मुलीला आज त्याची गरज नाही. सीटी झोपवून काढतात, आणि झोपल्यावर कण्यावरचा भार उतरून बाक काही अंशांनी कमी दिसतो. किरणांची मात्रा मात्र एक्स-रेच्या कित्येक पट असते. जन्मतःच अर्धवट किंवा एकमेकांना चिकटलेले मणके असतील तर त्यांची रचना समजण्यासाठी, आणि शस्त्रक्रियेत स्क्रूची जागा आखण्यासाठी सीटीला पर्याय नाही, पण तो वेगळा विषय आहे. एमआरआयमध्ये किरण नसतात, तरी तीही सर्वांना लागत नाही. बाक दहा वर्षांच्या आधी दिसला असेल, छातीचा बाक डावीकडे असेल, तो भराभर वाढत असेल, रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, पायांत कमजोरी असेल किंवा पोटाच्या त्वचेवर हलके ओरखडल्यावर दोन्ही बाजूंना सारखी प्रतिक्रिया येत नसेल, तर मज्जारज्जूत काही दोष नाही ना हे पाहण्यासाठी ती करावी. तुम्ही लिहिलेल्या माहितीत यातले काही नाही. पोटाची ही साधी तपासणी झाली आहे का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता चार महिन्यांच्या तारखेवर मी इतका भर का देतो ते सांगतो. बाक वाढेल की नाही हे बाकाच्या आकारापेक्षा शिल्लक वाढीवर अधिक अवलंबून असते. ही शिल्लक वाढ कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर उगवणाऱ्या हाडाच्या पट्टीवरून ओळखतात, तिला रिसर पायरी म्हणतात (० म्हणजे पट्टी अजून उगवलेली नाही, ५ म्हणजे वाढ पूर्ण). ती त्याच एक्स-रेत दिसते, त्यासाठी वेगळी तपासणी नको. लोन्स्टाइन आणि कार्लसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० ते २९ अंशांचा बाक आणि रिसर ० किंवा १ असलेल्या मुलांपैकी ६८ टक्के मुलांचा बाक वाढला. तेवढाच बाक पण रिसर २ ते ४ असलेल्यांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होते. पाळी सुरू न झालेली साडेअकरा वर्षांची मुलगी बहुधा पहिल्या गटात मोडते. बाक २५ अंशांपुढे गेला आणि वाढ शिल्लक असली, तर पट्टा देण्याची वेळ येते. पट्ट्याचा उपयोग होतो का, ही शंका आपल्याकडे फार ऐकू येते. त्यावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासाने स्पष्ट उत्तर दिले आहे: वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहण्याचे प्रमाण पट्टा वापरणाऱ्यांत ७२ टक्के आणि केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत ४८ टक्के होते. रोज सरासरी सुमारे १३ तासांहून अधिक पट्टा घालणाऱ्यांत तर यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. या सगळ्या अभ्यासांतले अंश एक्स-रेवरचे आहेत. पाठीच्या स्कॅनवरचा १७ हा आकडा या तक्त्यांत बसवून निर्णय घेता येत नाही.

घरी करण्यासारखे थोडे सांगतो. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी, भिंतीला टेकवून उंची मोजून वहीत लिहा. उंची झपाट्याने वाढू लागली तर तो बाक वाढण्याचाही काळ असतो. पाळी सुरू झाली की ती तारीखही लिहा. मुलीला पुढे वाकवून मोबाइलमधील कल मोजणाऱ्या अ‍ॅपने उंचवटा पाहता येतो, पण फोन थेट पाठीवर ठेवू नका. स्कोलिओमीटरला मणक्यांच्या टोकांसाठी मध्ये खाच असते, ती फोनला नसते. फोनच्या दोन्ही टोकांखाली आपले अंगठे धरून मध्ये जागा ठेवली तर माप बरेच विश्वासार्ह येते. दप्तराच्या ओझ्याने किंवा चुकीच्या बसण्याने हा बाक आला असे समजून मुलीला दोष देऊ नका, आणि फळीवर झोपवल्याने तो उतरेल अशी आशाही धरू नका.

शिबिरांविषयी एक गोष्ट मला मनापासून लिहाविशी वाटते. शाळांत आरोग्य तपासणीची पथके येतात तेव्हा पाचवी ते आठवीच्या मुलींना पुढे वाकवून पाहायला प्रत्येकीमागे अर्धा मिनिट पुरतो, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ती बंद खोली, स्त्री परिचारिका किंवा शिक्षिका आणि पाठीकडून उघडणारा झगा. स्कॅन होणार असेल तर पालकांची लेखी संमती असली पाहिजे, कारण तो अल्पवयीन मुलीच्या उघड्या पाठीचा नकाशा आणि बहुधा छायाचित्रही असते. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. तुमच्या मुलीच्या स्कॅनची फाइल कोणाकडे आहे, ती कशासाठी वापरली जाणार आहे, हे त्या शिबिराच्या आयोजकांना विचारा आणि तिची प्रत मागून घ्या.

पुढच्या भेटीला जाताना आधीच्या एक्स-रेचा केवळ अहवाल नेऊ नका, मूळ चित्र सीडीवर किंवा फिल्मवर न्या, म्हणजे दोन्ही चित्रांवर तेच मणके निवडून एकाच व्यक्तीला माप घेता येईल. नवा एक्स-रे शक्यतो त्याच केंद्रात, दिवसाच्या त्याच वेळी, उभे राहून आणि पाठीकडून किरण सोडून काढून घ्या, आणि रिसर पायरी लिहून मागा. २४ चे २७ झाले तर तो मोजण्यातला फरक असू शकतो, तरी बाक २५ च्या पुढे आणि वाढ शिल्लक असल्याने पट्ट्याविषयी त्याच भेटीत बोलणे योग्य. ३० किंवा अधिक झाले तर बाक नक्की वाढला आहे, आणि पट्टा लगेच सुरू करावा. शिबिरातील १७ अंशांचा कागदही सोबत ठेवा. तेच यंत्र पुन्हा मिळणार असेल तर एक्स-रेच्या दिवशीच किंवा त्या आठवड्यात दुसरा स्कॅन करून घ्या. त्यानंतर प्रत्येक स्कॅनची तुलना त्या दिवसाच्या स्कॅनशी करता येईल आणि पुढचे काही एक्स-रे वाचतील.